इसार जप्त करायचा, पण किती?

पत्र बरंच मोठं होतं, थोडक्यात देतेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

"मी 53 वर्षांची, डोंबिवलीत राहते. बाबा गेल्यावर त्यांचा टू बीएचके माझ्या आणि दादाच्या नावावर झाला, दादा नाशिकला असतो. फेब्रुवारीत एका तरुण जोडप्याशी 68 लाखांना व्यवहार ठरला, इसार (टोकन) पावती नोटरी केली, 90 दिवसांची मुदत. त्यांनी आम्हाला एकूण 7 लाख दिले. मे महिन्यात म्हणाले लोन होत नाहीये, व्यवहार रद्द करू, पैसे परत द्या. पावतीत साफ लिहिलंय की व्यवहार पूर्ण झाला नाही तर इसार जप्त. दादा म्हणतो विषय संपला, सात लाख आपले. एजंट म्हणतो मार्केटची पद्धतच आहे, दया दाखवायला लागलात तर उद्या कोणीही टोकन देऊन पळेल. आता 71 लाखांची नवीन पार्टी आलीये, लोन नकोय त्यांना, थोडे कॅश देतो म्हणतात. आधीच्या जोडप्यातली मुलगी घरी येऊन गेली, म्हणाली आईची एफडी मोडून पैसे दिले होते. मला झोप लागत नाही. बँकेनं बिल्डिंगचं ओसी (पालिकेचा भोगवटा दाखला) मागितलं होतं ते आमच्याकडे नव्हतं, पण तो वेगळा विषय झाला. कायद्यानं हक्क आमचा असेल तर मी उगाच अपराधी वाटून घेतेय का? पावतीचा फोटो पाठवतेय. आणि एक, ती मुलगी अजून व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंग पाठवते, ब्लॉक करू का?"

ताई, तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच वाक्याशी अडखळले, "पण तो वेगळा विषय झाला." त्या वाक्याकडे येतेच, आधी जप्त या शब्दाबद्दल थोडं, कारण मला वाटतं दादाची आणि एजंटची सगळी भिस्त त्या एका शब्दावर आहे.

आपण जप्त हा शब्द फार सढळपणे वापरतो. पोलिसांनी मुद्देमाल जप्त केला, बँकेनं थकबाकीदाराचं घर जप्त केलं, उमेदवाराचं डिपॉझिट जप्त झालं, सगळं आपलं जप्तच. कायद्यात मात्र हे वेगवेगळं आहे. पोलिसांनी गाडी उचलून नेली म्हणून ती पोलिसांची होत नाही, मालकी तुमचीच राहते, फक्त ताबा गेलेला असतो. वस्तूवरचा किंवा पैशावरचा हक्कच कायमचा गेला, तर त्याला कायद्याच्या मराठीत समपहरण म्हणतात, शब्द जीभ अडकेल असाच आहे. ही फौजदारी कायद्यातली खरीखुरी शिक्षा आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या शिक्षांच्या यादीत फाशी, जन्मठेप, कैद, दंड, सामाजिक सेवा यांच्या रांगेत मालमत्तेचं समपहरणही बसलेलं आहे. पण ती शिक्षा कोर्ट देतं, तीही गुन्हा शाबित झाल्यावर आणि कायद्यानं सांगितलेल्या गुन्ह्यांसाठीच.

निवडणुकीचं डिपॉझिट बघा. लोकसभेला 25,000, विधानसभेला 10,000, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मं, आणि वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं पडली नाहीत तर गेले पैसे. तिथे निवडणूक आयोगाला "आमचं एवढं नुकसान झालं" असं काही दाखवावं लागत नाही, कारण ती रक्कम आणि ती अट संसदेनं कायद्यातच लिहून ठेवलीये. आता तुमची पावती घ्या. ती तुम्ही, दादा आणि ते दोघं अशा चौघांनी सह्या केलेली आहे, ड्राफ्ट एजंटच्या लॅपटॉपमधला, मागच्या गिऱ्हाईकाचं नाव खोडून तुमचं टाकलेलं (फोटोत एका ठिकाणी "सौ." च्या जागी "श्री." राहून गेलंय, म्हणून म्हणतेय). दोन माणसांनी आपापसात केलेल्या कागदाला एकमेकांना शिक्षा करायचा अधिकार नसतो ताई, झालेलं नुकसान भरून घ्यायचा असतो. भारतीय करार कायदा 1872 चं कलम 74 तेच सांगतं. करारात मोडल्याबद्दलची रक्कम लिहिलेली असेल, किंवा दंडासारखी दुसरी काही अट असेल, तर करार मोडणाऱ्याकडून वाजवी भरपाई मिळते, जास्तीत जास्त त्या लिहिलेल्या रकमेएवढी. म्हणजे सात लाख लिहिले असतील तर त्याच्या वर जाता येणार नाही, पण सातच्या सात मिळतील असं त्यात कुठे म्हटलेलं नाही.

ह्यावर दादा म्हणेल, मग इसार ह्या प्रकाराला अर्थच काय राहिला? म्हणणं अगदीच चुकीचं नाही त्याचं. इसार म्हणजे बोली पाळण्याचा तारण, दिलेल्या शब्दाला बांधून घेणं, आणि खरेदीदारानं स्वतःच्या कारणानं शब्द मोडला तर वाजवी इसार विकणाऱ्याकडे राहतो हे कोर्टानंही मानलंय. सुप्रीम कोर्टाचा 2012 चा सतीश बत्रा निकाल आहे, 70 लाखांचा व्यवहार, 7 लाख इसार, पावतीत स्पष्ट लिहिलेलं, चूक घेणाऱ्याची, तिथे सातच्या सात लाख विकणाऱ्याकडे राहिले. तुमचा आकडाही सातच असल्यामुळे दादाच्या व्हॉट्सॲपवर हा निकाल एव्हाना आलेलाही असेल.

पण तुमच्या पावतीत सात लाख इसार आहे का? नाहीये. तुम्ही पुढच्या बाजूचा फोटो नीट सरळ काढून पाठवलाय आणि मागच्या बाजूचा जरा तिरपा, तो मी मोठा करून वाचला. पुढे टाइप केलंय, "इसारापोटी रुपये 1,00,000/- मिळाले." मागे निळ्या पेनानं दोन नोंदी आहेत, एक 2 लाखांची, एक 4 लाखांची, आणि दोन्हीसमोर लिहिलंय "पार्ट पेमेंट", खाली तुमची सही. म्हणजे इसार एक लाख आणि किमतीपोटी आगाऊ मिळालेले सहा लाख. हा फरक शब्दांचा खेळ वाटेल पण ह्याच फरकावर 1963 मधे सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी निकाल दिलाय, फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास. दिल्लीतला बंगला, किंमत 1,12,500 रुपये, इसार 1,000 आणि पुढे किमतीपोटी 24,000. व्यवहार फिसकटला, विकणारा म्हणाला करारात लिहिलंय, पंचवीसच्या पंचवीस हजार जप्त. कोर्टानं सांगितलं एक हजार इसार होता तो ठेव, बाकीचे 24,000 इसार नाहीत, त्यातलं काही ठेवायचं असेल तर नुकसान दाखव, आणि बंगल्याची किंमत उतरल्याचा वगैरे काही पुरावा त्याच्याकडे नव्हता. (घेणाऱ्यानं मधल्या काळात बंगला वापरला त्याचा हिशोब वेगळा झाला, तुमच्याकडे तो प्रश्न नाही, किल्ली तुमच्याकडेच आहे.) तुमच्या पावतीची पुढची बाजू म्हणजे तो एक हजार आणि मागची बाजू म्हणजे ते चोवीस हजार, इतकं सरळ आहे हे.

आता नुकसान किती झालं ते बघू, मनातल्या मनात नको, कागद घ्या. तीन महिन्यांचं सोसायटी मेंटेनन्स, नोटरीचा खर्च, दादाच्या नाशिकहून फेऱ्या, एजंटला काही आगाऊ दिलं असेल तर ते, मधल्या काळात दुसरं गिऱ्हाईक सोडलं असेल आणि त्याचा मेसेज वगैरे असेल तर तेही धरा. मी अंदाजानं बेरीज केली तर पन्नास-साठ हजारांच्या पुढे काही जाईना. आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही स्वतःच लिहिलंय, नवीन पार्टी 71 लाख देतेय. म्हणजे हा व्यवहार मोडल्यामुळे तुम्हाला 3 लाख जास्त मिळतायत! 2015 चा कैलाशनाथ निकाल अगदी ह्याच मुद्द्यावरचा आहे. दिल्ली विकास प्राधिकरणानं 1982 मधे एका प्लॉटचा लिलाव केला, बोली 3 कोटी 12 लाखांची, त्यातले 78 लाख भरलेले, पुढे व्यवहार अडकला तर प्राधिकरणानं 78 लाख जप्त केले आणि तोच प्लॉट नंतर 11 कोटी 78 लाखांना विकला. सुप्रीम कोर्टानं पैसे परत करायला लावले. मुळात करार त्या कंपनीनं मोडलाच नव्हता हा एक भाग झाला, पण कोर्टानं हेही म्हटलं की नुकसान झालंच नाही तर भरपाई कसली.

एक जुना निकाल तर मला फारच आवडतो. मौला बक्ष नावाचा कंत्राटदार, लखनौला लष्कराला बटाटे आणि कोंबड्या-अंडी पुरवायचं काम, डिपॉझिट बटाट्याचं 10,000 आणि कोंबड्यांचं 8,500. त्याला माल वेळेवर पुरवता आला नाही, सरकारनं दोन्ही डिपॉझिटं जप्त केली. 1969 मधे सुप्रीम कोर्ट म्हणालं, बटाटे बाजारातून जादा भावानं घ्यावे लागले असतील तर किती जादा ते सांगा की, बटाट्याचा भाव काय न मोजता येणारी गोष्ट आहे? सरकारनं आकडा दिलाच नाही, पैसे परत करावे लागले. सरकारला जर हिशोब द्यावा लागतो तर डोंबिवलीच्या एजंटची "मार्केटची पद्धत" कुठे टिकणार.

आता त्या वाक्याकडे. ओसी हा वेगळा विषय नाही ताई, तोच विषय आहे. तुमच्या पावतीत जप्तीचं कलम असं आहे: "सदर व्यवहार खरेदीदाराच्या कारणामुळे मुदतीत पूर्ण न झाल्यास". खरेदीदाराच्या कारणामुळे! आणि त्याच्या दोन ओळी वर कलम 4, "बँकेस लागणारी सर्व कागदपत्रे विक्रेते पुरवतील." कल्याण-डोंबिवलीत ओसी नसलेल्या इमारती किती आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको, बाबांनी घर घेतलं तेव्हा कोणी विचारतही नसेल, त्यात तुमचा काही दोष नाही. पण बँकेनं ओसी नाही म्हणून लोन नाकारलं असेल तर व्यवहार त्यांच्या कारणानं मोडला असं म्हणता येणार नाही, तो तुमच्या बाजूच्या कागदामुळे मोडला. अशा वेळी त्यांना सातच्या सात लाख परत मिळाले पाहिजेत, एक रुपया कापायचा नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 प्रमाणे तर घेणाऱ्यानं दिलेल्या रकमेचा बोजा त्या घरावर राहतो, जोवर त्यानं स्वतःहून अयोग्य रीतीनं माघार घेतलेली नसते.

उलट समजा ओसी हे नुसतं निमित्त असेल, नवऱ्याची नोकरी बदलली, सिबिल खराब निघालं, किंवा त्यांना दुसरीकडे स्वस्तात घर दिसलं, तर चित्र पालटतं, मग इसाराचा एक लाख तुम्ही ठेवला तर कोणी बोट ठेवणार नाही. बाकीचे सहा लाख मात्र तेव्हाही त्यांचेच, 71 ला विकताय म्हटल्यावर तर नक्कीच. म्हणून सगळ्यात आधी त्यांच्याकडून बँकेचं नामंजुरीचं पत्र मागा, आणि बँकेच्या वकिलाचा रिपोर्ट मिळाला तर तोही. तिच्या सांगण्यावर जायचं नाही आणि दादाच्या संशयावरही नाही, पत्रात कारण काय लिहिलंय त्यावर जायचं. आईची एफडी मोडली म्हणून पैसे परत करा असंही मी म्हणत नाहीये, एफडी मोडली नसती तरी हिशोब हाच असता. तुम्हाला झोप न लागण्याचं कारण मला विचाराल तर ती मुलगी नसून ओसी आहे, कारण ते तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहिती होतं आणि पावती करताना कोणी विषय काढला नाही.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारून बघा. तुम्हाला मार्चमधे कोणी 75 लाख देऊ केले असते आणि तुम्ही माघार घेतली असती तर? आपल्याकडे बोलताना सगळे म्हणतात विकणारा फिरला तर इसार दुप्पट परत. तुमच्या पावतीत तसं कलम नाही. त्यांच्यासाठी जप्ती आहे, तुमच्यासाठी काहीच नाही. एजंटला ह्यात काही वावगं वाटलं नाही, कारण त्याला ब्रोकरेज दोन्हीकडून.

दादाशी बोलताना न्याय-अन्याय काढू नका, भाऊबहिणीत तो विषय काढला की बाबांच्या आजारपणात कोण किती आलं इथपर्यंत जातो. सरळ व्यवहाराचं बोला. एक, जप्त केलेला इसार म्हणजे बक्षीस नव्हे, 2014 च्या बजेटपासून अशी रक्कम "इतर उत्पन्न" धरून त्यावर स्लॅबप्रमाणे टॅक्स भरावा लागतो, म्हणजे सातातले सात तसेही हातात राहत नाहीत. दोन, ते दोघं कोर्टात गेले आणि दाव्याची नोटीस सब-रजिस्ट्रारकडे नोंदवली तर नवीन पार्टीच्या वकिलाला सर्चमधे ती दिसणार, मग 71 लाखवाले थांबतील का? सात लाखांपायी एकाहत्तर लाख अडकवून ठेवायचे का, एवढंच विचारा दादाला. त्याची सही लागणारच आहे, मालक तोही आहे, त्यामुळे त्याला डावलून काही करू नका.

पैसे परत करायचं ठरलं तर आधी व्यवहार रद्द केल्याचा लेख करून घ्या, चौघांच्या सह्या, किती मिळाले होते, किती परत दिले, कापलं असेल तर कशाबद्दल कापलं, आणि आता कोणाचा कोणावर हक्क नाही हे सगळं त्यात. मूळ पावती परत घ्या, मागच्या बाजूसकट. पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात बँकेनं पाठवा. सगळी रक्कम आज हातात नसेल, खर्च झाली असेल (होते, आपण माणसं आहोत), तर हप्ते ठरवा पण तारखा लिहून. हे झाल्याशिवाय नवीन पार्टीकडून टोकन घेऊ नका, एकच घर दोघांना कबूल केल्यासारखं होईल. हा लेख एजंटच्या लॅपटॉपमधला नको, दोन-चार हजार गेले तरी वकिलाकडून करून घ्या.

आणि नवीन पार्टीला ओसी नाही हे पहिल्या भेटीत सांगा आणि लिहून घ्या की सांगितलंय. त्यांना लोन नकोय म्हणून बँक विचारणार नाही, पण पुढच्या वेळी ते विकायला काढतील तेव्हा त्यांना कळणारच. "थोडे कॅश" तर अजिबात नको. घराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर आयकर खातं घेतलेल्या रकमेएवढाच दंड लावू शकतं, पाच लाख घेतले तर पाच लाख. हा कायद्यानं लिहिलेला दंड आहे, इथे "वाजवी भरपाई" वगैरे म्हणत बसता येत नाही.

ह्याच प्रकारची पत्रं अधूनमधून येतात म्हणून बाकीच्यांसाठीही लिहिते. बिल्डरकडे बुकिंग रद्द करताय आणि तो 10 टक्के कापतो म्हणतोय, तर महारेरानं (बिल्डरांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) अलॉटमेंट लेटरचा नमुना ठरवून दिलाय तो काढून बघा. 15 दिवसांत रद्द केलं तर काही कापायचं नाही, 16 ते 30 दिवसांत फ्लॅटच्या किमतीच्या 1 टक्का, 31 ते 60 मधे दीड, त्यानंतर 2 टक्के. आणि करार रजिस्टर केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेताच येत नाहीत. मंगल कार्यालयाचं म्हणाल तर आमच्या भाच्याचं लग्न मे 2020 चं, लॉकडाउन लागला, कार्यालयवाला म्हणाला पावतीवर छापलंय "आगाऊ रक्कम परत मिळणार नाही". मी त्याला म्हटलं अहो सरकारनंच हॉल बंद केलाय, आम्ही कुठे मोडलं? सहा महिने फोन करून पाऊण रक्कम मिळाली, बाकीची सोडली, कंटाळा आला हो. पावतीवर छापलंय म्हणजे संपलं असं समजून लोक घरी बसतात त्यावर ह्या सगळ्या छापील ओळी चालतात. आणि घरमालकांनो, भाडेकरू अकरा महिन्यांऐवजी दहाव्या महिन्यात गेला म्हणून अख्खं डिपॉझिट ठेवायचं नसतं, भाडं किती बुडलं आणि रंगाला किती लागले तेवढंच.

राहता राहिलं व्हॉट्सॲप. ब्लॉक नका करू ताई, तिच्याकडूनच बँकेच्या पत्राचा फोटो मागवायचाय. गुड मॉर्निंगला उत्तर म्हणून तेवढंच लिहा, "लोन नामंजूर झाल्याचं पत्र पाठवशील का, आम्ही हिशोबाला बसतोय."